बंद गाडीतली घरघर

ज्या घरात रविवारी सकाळी पोह्यांच्या आधी पत्रकांच्या घड्या घातल्या जातात, त्या घरात मी वाढले. ठाकुर्लीच्या आमच्या दोन खोल्यांत बाबा बुवाबाजीविरुद्ध पत्रकं लिहायचे, मी आणि आई ती वाटायचो. ‘पुरावा मागा’ हे दोन शब्द मी शाळेत जायच्या आधी वाचायला शिकले. त्यामुळे वाचकांच्या गूढ अनुभवांचं हे सदर मी आजवर फक्त हसायला वाचत आले, हे आधीच कबूल करते. आज मात्र मीच लिहितेय... आणि पुरावा अर्धाच आहे.

शहाडला माझ्या मामाचं गॅरेज आहे. डिप्लोमा झाल्यापासून गेली तीन वर्षं मी तिथे काम करते. गेल्या पावसाळ्यानंतरची गोष्ट. संतोषदादा त्याची फोर-व्हील-ड्राइव्ह गाडी घेऊन आला. मुरबाडच्या पुढे डोंगरातल्या पाड्यांवरून आजारी माणसं, बाळंतिणी खाली दवाखान्यात आणायचं काम ही गाडी करते. तिथल्या रस्त्याला साधी गाडी चढतच नाही.

“ताई, बेल्ट बघून दे फक्त. संध्याकाळी वर जायचंय. एक बाई आहे, दिवस भरलेत तिचे,” तो म्हणाला.

इंजिनापुढचा तो एकच लांब पट्टा सगळं फिरवतो — पाण्याचा पंप, अल्टरनेटर, स्टिअरिंगचा पंप. तो निसटला तर चढणीवर स्टिअरिंग दगडासारखं जड होतं आणि इंजिन तापून बंद पडतं. पट्टा ज्या पुल्यांवरून जातो त्यांचं बेअरिंग गेलं की पट्टाही जातो. म्हणून आमच्याकडे पट्टा बघायचा म्हणजे पुल्याही बघायच्या. पद्धत मामाची: लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक पुलीच्या बोल्टला टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि इंजिन चालू करून ऐकायचं. बेअरिंग खराब असेल तर मुठीतून कळतं.

मी पहिलं टोक टेकवलं ते आयडलर पुलीला. पट्ट्याला वाट दाखवणारी ही छोटी पुली. कानात स्पष्ट घरघर आली. जात्यात खडा अडकावा तशी.

“कळलं दादा, बंद कर,” मी ओरडले.

“काय बंद करू?” आवाज रस्त्यावरून आला. संतोषदादा टपरीवर उभा होता, एका हातात वडापाव, दुसऱ्या हातात गाडीची चावी. “चालू कुठे केलीय अजून?”

भर दुपारी बाराच्या उन्हात मी पुलीकडे बघितलं. पट्टा जागच्या जागी, स्थिर.

मग मी बाबांची मुलगी झाले. पंखा बंद केला. हवेचा कॉम्प्रेसर बंद केला. लांबून जाणारी मालगाडी पूर्ण जाऊ दिली. बाकीच्या पुल्या ऐकल्या — शांत. पट्टाच काढला आणि आयडलर हाताने फिरवली. लोण्यासारखी फिरली, आवाज नाही, हेलकावा नाही. थांबली... आणि घरघर परत सुरू. थांबलेल्या पुलीतून.

मामाला बोलावलं. त्याला एका कानाने कमी ऐकू येतं, म्हणून तो स्क्रूड्रायव्हरची मूठ दातांत धरतो. हाडातून आवाज जातो म्हणतो. अशाने त्याने भल्याभल्या गॅरेजवाल्यांना न सापडलेले बिघाड पकडलेत.

“काही नाही यात,” मूठ काढून तो म्हणाला. “प्राजू, चार महिन्यांपूर्वी मीच बसवलीय ही. नवी कोरी.”

“म्हणून तू बघितलीच नसतीस.”

“तुझ्या जन्माआधीपासून बेअरिंग ऐकतोय मी. बंद पुली बोलत नाही.”

“मला माहितीय बोलत नाही. तरी मी ही गाडी सोडणार नाही.”

“ताई, बाई वाट बघतेय गं,” संतोषदादा म्हणाला. त्याच्या आवाजात चेष्टा उरली नव्हती. “तुझ्या कानाच्या वहिमावर तिला थांबवू?”

माझ्याकडे दाखवण्यासारखं काहीच नव्हतं. पण माझं चुकलं तर दोन तास जाणार होते, त्यांचं चुकलं तर ती बाई अंधारात, डोंगरात, बंद गाडीत. “दोन तास इथे थांब,” मी म्हटलं, “म्हणजे वर थांबावं लागणार नाही.” आणि पुलीचा बोल्ट सोडवून पुली खिशात टाकली. आता गाडी कुणाला नेताच येणार नव्हती.

मामा संतापला. पण स्कूटर काढून कल्याणहून नवी पुली त्यानेच आणली. मी ती बसवली, पट्टा चढवला, इंजिन चालू करून ऐकलं. एकसारखा, स्वच्छ आवाज. साडेतीनला गाडी सुटली.

मग जुनी पुली व्हाइसमध्ये आवळून मी बेअरिंगचं झाकण उचकटलं. पोलादी गोळ्यांना जागेवर धरणारी आतली पिंजरी दोन जागी तुटलेली. गोळ्या एका बाजूला गोळा झालेल्या. घट्ट, काळ्या ग्रीसने सगळं धरून ठेवलेलं, म्हणून हाताला कळत नव्हतं.

मामाने बोटाने गोळ्या हलवून बघितल्या. “ग्रीस तापून पातळ झालं की जाम झाली असती,” तो म्हणाला. “पहिल्याच चढाला.” मग दातांच्या खुणा असलेला त्याचा तो स्क्रूड्रायव्हर त्याने माझ्या पेटीत ठेवला. अठ्ठावीस वर्षांत त्याने तो कुणाला हात लावू दिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी गॅरेज उघडताना संतोषदादाचा फोन आला. मुलगी झाली. दवाखान्यात, पलंगावर, दोघी सुखरूप. “गाडी एकदापण कुरकुरली नाही, ताई.” मी गॅरेजच्या शटरसमोर एकटीच नाचले.

दोन दिवसांनी तो लिंबू-मिरची घेऊन आला, स्क्रूड्रायव्हरला बांधायला. मी ती त्याच्या हातातून घेतली आणि दुपारच्या डब्याबरोबर मिरची खाल्ली.

बाबांना सगळं सांगितलं. मला वाटलं, कानाचा भास म्हणतील. ते म्हणाले, “भास होता तर पुली नेमकी तीच कशी?” मग थोडं थांबून, “लिही. आपल्याला अडचणीचं आहे म्हणून लपवलं, तर आपल्यात आणि बुवात फरक काय राहिला?”

म्हणून लिहिलंय. बेअरिंग का तुटलं होतं ते मी सांगू शकते. ते थांबलेलं असताना मला ऐकू का आलं, आणि मलाच का, ते नाही. ती पुली अजून फळीवर आहे. अधूनमधून तिला टोक टेकवून मी कान लावते. पूर्ण शांत. काम झालं तिचं, असं संतोषदादा म्हणतो. मी ते मानत नाही... पण त्याच्याहून बरं उत्तरही माझ्याकडे नाही.