धरणाकाठी राहिलेली सतरंजी

चैत्रातला रविवार, सकाळ. हजर: नंदाताई, देसाईकाका आणि मी. धरणाचं पाणी ओसरून उघड्या पडलेल्या खडकाळ जमिनीवर काकांची सतरंजी अंथरली आणि पलीकडच्या काठावरची उरलीसुरली बदकं दुर्बिणीतून पाहत बसलो. डोक्यावर एक टिटवी सारखी ओरडत होती.

"हिला काय झालंय आज?" काका वैतागले.

"काका, हलू नका. उजवीकडे बघा," नंदाताई म्हणाल्या.

सतरंजीपासून हातभर अंतरावर खड्यांच्याच रंगाची चार अंडी होती आणि ऊन त्यांच्यावर चढत होतं. आम्ही हळूच उठून बांधावर गेलो. टिटवी पाण्यात पोट भिजवून आली आणि ओल्या अंगानेच अंड्यांवर बसली.

लांबचं दिसावं म्हणून आपण किती तयारीने निघतो. जवळचं मात्र कुणीतरी ओरडून सांगितल्याशिवाय दिसत नाही, आणि ते ओरडणं आपल्याला गोंगाट वाटतं.

टिटवी आता गप्प होती.

"काका, सतरंजी तिथेच राहिली. काकू विचारतील," नंदाताई म्हणाल्या.

"विचारू दे. हिला पुन्हा उठवायचं नाही."

पिल्लं बाहेर पडून चालती झाली, की सतरंजी आणायची आहे.