देवाची मूठ

आमच्या ख्रिस्ती मंडळीत बायका रोज स्वयंपाकाला लागताना धान्याची एक मूठ देवासाठी बाजूला काढायच्या. तांदूळ असो की ज्वारीचं पीठ. डब्यात साठवायचं, रविवारी चर्चमध्ये न्यायचं, तिथून ज्याची चूल अडली असेल त्याच्या घरी जायचं.

माझी बायको मूठ डब्यात सोडताना देवाशी बोलायची. शेजारणीशी बोलावं तसं. नळाला पाणी आलं नाही ते, माझी कंबर धरली ते, धुळ्याला दिलेल्या लेकीच्या सासूचं वागणं, सगळं. मी भिंतीला टेकून बसलेला, भुकेला. तिचं संपायच्या आधीच आमेन म्हणून टाकायचो.

"देवले घाई नही, तुमलेच शे," ती म्हणायची.

मी चौथी शिकलेला माणूस. जळगावात डाळ मिलमध्ये पोती उचलण्यात जन्म गेला. देव मला बायकोच्या माहेरचा कोणी मोठा माणूस वाटायचा. मान द्यायचा, समोर टोपी काढायची, पण बोलणं-चालणं सगळं तिचं. सन नव्वदच्या सुमाराला ती गेली आणि ते बोलणंच बंद पडलं.

रॉकेलच्या स्टोव्हवर भात करायला शिकलो. मूठही काढायचो, तिने काढली असती म्हणून. पण तोंड उघडायचं नाही. मूठ धरून उभा राहायचो, हाताला घाम यायचा, दाणे चिकटायचे. मग दार लावायचो, परत उघडायचो, पुसलेलं ताट पुन्हा पुसायचो. एका जागी बसवत नव्हतं. वाटायचं, या घरात तिच्याखेरीज आणखी एक माणूस राहतो हे वर कोणाला ठाऊक तरी आहे का?

महिन्याने मंडळी घरी प्रार्थनेला आली. गाणी झाली, वाचन झालं. चर्चचे पाळकसाहेब म्हणाले, "भाऊ, शेवटची प्रार्थना घरधन्याने करावी." सगळ्यांनी डोळे मिटले. मी उठलो. "स्टोव्ह चालू राहिलाय," म्हणालो आणि आत गेलो.

मागोमाग अक्का आली. मंडळीतली सगळ्यात म्हातारी बाई, माझ्या बायकोची जिवाची मैत्रीण, जिभेची तिखट. थंड स्टोव्हवर तळहात ठेवून म्हणाली, "भलताच तपेल शे रे भाऊ!"

"मला बोलता येत नाही, अक्का. तुम्ही उरका."

"मिलमा मुकादमले शिव्या देस, तव्हय येस ना बोलता?"

"तो मुकादम आहे."

"मंग?"

एवढंच बोलली, बाहेर गेली आणि प्रार्थना तिनेच केली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी एकट्यापुरते तांदूळ पातेल्यात घेतले आणि त्यातून मूठ काढली. माझी मूठ हमालाची. पातेल्यात जेमतेम उरलं ते बघून डोकं फिरलं.

"तिला नेलंस, आता भातही ने," मी म्हणालो. मोठ्याने. शेजारच्यांनी रेडिओ बारीक केला.

मग तोंड थांबेना. म्हटलं, एवढी तुझ्याशी बोलायची ती, शेवटी दोन शब्दांपुरताही श्वास तिच्यात ठेवला नाहीस. मुकादमसुद्धा पाठीवरचं पोतं खाली ठेवू देतो, मग हाक मारतो. तू तेवढंही केलं नाहीस. बोलायच्या भरात स्टोव्ह पेटवला, पातेलं चढवलं, मूठ डब्यात कधी पडली कळलंही नाही. चर्चमधली भाषा मला येत नव्हती, मिलमधली येत होती. तीच वापरली. पुष्कळ वाईट बोललो. इथे लिहिण्यासारखं नाही.

आवाज बसला तेव्हा दुसरंच बोलणं निघालं. लेक म्हणते धुळ्याला या. तिथे गेलो तर तिच्या सासूच्या नजरेसमोर बसून खावं लागेल. इथे राहिलो तर या भिंती. जाऊ का राहू, ते तरी सांग. एकदा विचारलं, पुन्हा विचारलं. ऐकणारा समोर असल्यासारखं विचारलं, हे मलाच मागून लक्षात आलं.

तोवर भात खाली लागला होता. वरचा तेवढा काढून खाल्ला, पातेलं भिजत घातलं आणि परत येऊन बोलायला बसलो. धुळ्याचं अजून ठरलं नव्हतं.