दौलताबादच्या चढावर तापणारी गाडी

गाडी नीट चालली तर सांगायला काय उरतं? बंद पडली की किस्से! अण्णांची जुनी अमेरिकन व्ही-एट तर इतक्यांदा बंद पडली, की चिकलठाण्यात रफिकभाईंच्या गॅरेजवर चहाला आम्हाला दुसरा विषयच नसायचा.

अण्णा रिटायर्ड फोरमन, मी त्यांचा शेजारी. ह्या गाडीतून बायकोला, म्हणजे आमच्या वहिनींना, वेरूळला घृष्णेश्वराच्या दर्शनाला न्यायचं, एवढाच अण्णांचा हट्ट.

*

गाडीचं स्टिअरिंग डावीकडं. वहिनी सवयीनं दरवेळी डावं दार उघडायच्या अन् समोर स्टिअरिंग!

अण्णा हात जोडायचे, "या बाईसाहेब, तुम्हीच चालवा!"

"चालवते की! निदान पोचू तरी!"

*

दारं दोनच. पुढची सीट दुमडल्याबिगर मागच्याला उतरता येत नाय. दौलताबादच्या चढावर गाडी तापली, की वहिनी जागेवरच डबा उघडायच्या. मी अन् रफिकभाई मागं घामाघूम.

"भाभी, मेकॅनिक को तो छोडो!"

"आधी धपाटे खा. गाडी कुठं पळून चाललीय?"

*

रफिकभाईंनी रेडिएटर बदलला, पंप बदलला, फॅन बदलला. गॅरेजवर गाडी गार, चढावर पुन्हा वाफा! बॉनेट उघडावं तर सगळं जिथल्या तिथं.

"अण्णा, ये गाडी मेरी इज्जत लेके रहेगी!"

वहिनी तिथूनच वेरूळच्या दिशेनं हात जोडायच्या. "देवा, इथूनच घे बाबा नमस्कार." आम्ही लई हसायचो.

गेल्या वर्षी वहिनी गेल्या. अण्णांनी गाडीवर कव्हर टाकलं ते टाकलंच.

*

परवा रफिकभाईंनीच कव्हर ओढलं. बॉनेट उघडं ठेवून गाडी चालू केली अन् म्हणाले, "अण्णा, दबाओ!"

अण्णांनी रेस दिली. रेडिएटरखालचा रबरी पाइप डोळ्यांदेखत चपटा! पाणी फिरणार कुठून? रेस सोडली, पाइप पुन्हा गोल. त्याच्या आत स्प्रिंग असायला पाहिजे, ती नव्हतीच. अन् आम्ही येडे, बॉनेट उघडायचो ते कायम गाडी बंद करून!

"एवढ्यासाठी, रफिकभाई?" अण्णा म्हणाले.

रफिकभाईंनी हात पुसले अन् स्प्रिंगवाला नवा पाइप बसवला.

*

सोमवारी निघालो. मी अन् रफिकभाई मागं. पुढं अण्णांच्या शेजारी कुणीच नाय. चढ आला, चढ गेला. टेंपरेचरचा काटा हलला नाय.

देवळापाशी अण्णांनी गाडी लावली. आपल्या बाजूनं उतरले, वळसा घालून उजवं दार उघडलं अन् दार धरून उभे राहिले. सीट दुमडली नाय. आम्ही दोघं मागंच बसून.

"उतर गं," अण्णा म्हणाले, "आलं वेरूळ!"