रंग नको म्हटलेली भिंत

गवंडी आणि रंगारी एकाच घरचे जावई झाले, की त्या घरातल्या भिंती सुखात राहतात. माणसांचं सांगता येत नाही.

थोरला जावई गवंडी. बांधकामावर त्याला सगळे ओळंबा म्हणत, कारण तो उभा राही तो सरळ आणि बोले तेही सरळ. वाकणं त्याला विटा उचलण्यापुरतंच ठाऊक होतं. हे नाव त्याने मागितलं नव्हतं, पण मिळाल्यावर जपलं होतं. धाकटा जावई रंगारी. जिभेला हाड नाही. हात मात्र चांगला, हे ओळंबाही कबूल करायचा, दुसरं कोणी ऐकत नसेल तेव्हा.

सासूबाईंच्या वाढदिवसाला सगळे जमले होते. दोन्ही मुली, नातवंडं, एक लांबची मावशी, शेजारपाजार. जेवताना मावशीने सहज म्हटलं, "दोघा जावयांनी घर कसं लख्ख ठेवलंय हो."

झालं. रंगाऱ्याला बोट दिलं की तो हात धरायचा.

"मावशी, गवंड्याची पापं रंगारी झाकतो. आमच्या साडूभाऊंचा गिलावा म्हणजे देवीचे वण आलेलं तोंड. मी आपला पुट्टी भरतो, म्हणून ते चारचौघांत ताठ मानेने फिरतात."

"आणि पुट्टी संपली तर?" कोणीतरी विचारलं.

"मग साडूभाऊंना घराबाहेर पडता येणार नाही!"

घर हसलं. सासूबाई हसल्या. ओळंब्याच्या तोंडात घास होता. तो गिळून उत्तर द्यायचं तर विषय कुठल्या कुठे गेलेला. त्याने समोर पाहिलं, तर त्याची बायको तोंडावर पदर धरून हसत होती. हे हसणं त्याला खरं लागलं.

घरी जाताना बायको म्हणाली, "अहो, गमतीत म्हणाला तो. सोडून द्या."

"गमतीत म्हणाला ना? मग मीही काय करायचं ते गमतीतच करीन."

"म्हणजे काय करणार?"

"अजून ठरवलं नाही."

कदाचित नुसतं धुमसण्यावर भागलंही असतं. पण त्या दिवसांत दोघे साडू एकाच इमारतीवर कामाला होते, आणि रंगाऱ्याने आपला विनोद तिथेही नेला. सोमवारी ओळंबा परांचीवर चढतो न चढतो तोच खालून माल कालवणाऱ्याने हाक दिली, "पुट्टीशेठ, माल घट्ट पाहिजे का सैल?" दुपारपर्यंत सगळी इमारत पुट्टीशेठ म्हणायला लागली. ओळंबा हे नाव जपण्यात उभी हयात गेली होती. ते पुसायला एक जेवण पुरलं.

त्याने रंगाऱ्याला जिन्याखाली गाठलं.

"तो शब्द मागे घे. ज्या लोकांसमोर बोललास त्याच लोकांसमोर."

रंगारी ब्रश धूत होता. "अहो साडूभाऊ, शब्द म्हणजे काय घमेलं आहे का, खाली ठेवलं आणि परत उचललं? लोक विसरतील."

"आणि नाही विसरले तर?"

"तर तुमचं नशीब. पुट्टी वाईट असते का? मऊ असते!"

ओळंबा वळला आणि निघून गेला. त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद. बहिणीबहिणी फोनवर बोलत. सासूबाईंना आधी कळलं नाही, मग कळलं, मग त्यांनी कळल्याचं दाखवलं नाही.

संधी भिंतीनेच दिली. सासूबाईंच्या खोलीची मागची भिंत ओल धरून फुगली आणि एका सकाळी परातभर गिलावा पलंगाशेजारी कोसळला. नेहमीचा रिवाज ठरलेला होता. गवंड्याने गिलावा करायचा, रंगाऱ्याने रंग द्यायचा. सासूबाईंनी दोघांनाही निरोप धाडला.

ओळंबा आला. आधी त्याने बाहेरून नळाची गळती बंद केली, कारण ओली भिंत लिंपणं म्हणजे तापल्या माणसाला पावडर लावणं. मग जुना गिलावा विटेपर्यंत झोडून काढला. भिंत सुकू दिली. घाई केली नाही. सुडाला घाई चालत नाही आणि गिलाव्यालाही.

वरच्या थरासाठी त्याने चुना भिजत घातला होता. तो फडक्यातून गाळला, खडा लागेना तोवर पुन्हा पुन्हा गाळला, आणि त्यातच तांबडी माती कालवली. रंग वरून द्यायचाच नव्हता, आतूनच आणायचा होता. हे काम तो उमेदवारीत एका म्हाताऱ्या मिस्तरीकडे शिकला होता. पुढे कोणी मागितलं नाही, कारण कोणाला तेवढा दम नाही. भिंत कोणी सांगितलं म्हणून गुळगुळीत होत नाही. ती ओली असताना दाबावी लागते, आणि किती ओली ते बोटालाच कळतं. लवकर दाबली तर ओरखडते, उशिरा दाबली तर ऐकत नाही. थापीने दाबून झाल्यावर त्याने गुळगुळीत गोटा घेतला आणि घोटायला बसला. मनगट सुजलं. त्याने हात बदलला. डावा हात दुखायला लागला तेव्हा पुन्हा उजवा. शेवटी साबणाचं पाणी लावून परत घोटली. भिंतीत समोरची खिडकी दिसायला लागली, तेव्हा थांबला.

सासूबाई दारात आल्या. भिंतीत बघून त्यांनी पदर सारखा केला. मग म्हणाल्या, "थोरले, ही तर आरशासारखी झाली."

"आई, ह्या भिंतीला रंग नको. धाकट्याला सांगा, थोरल्याने नको म्हटलंय. माझं नाव घेऊन सांगा."

नाव घेऊन सांगा, यातच सगळी मेख होती. आपल्या साडूला तो पुरता ओळखून होता. दुसऱ्या कोणी रंग नको म्हटलं असतं तर रंगाऱ्याने खांदे उडवले असते आणि घरी जाऊन झोपला असता. थोरल्याने नको म्हटलं, म्हणजे तो देणारच. आणि साबण पाजून घोटलेल्या चुन्यावर पुट्टी धरत नाही, हे ओळंब्याने सांगितलं नाही. त्याला कोणी विचारलंही नाही.

दोन दिवसांनी रंगारी आला. सासूबाईंनी निरोप शब्दशः दिला. तो हसला.

"आई, रंगाशिवाय भिंत म्हणजे उघडा माणूस. साडूभाऊंना माझी पुट्टी झोंबलीय, दुसरं काही नाही."

भिंतीवर एकदा हात फिरवला असता तरी त्याला कळलं असतं. घासायला कागद घेतला असता तर हात सटकला असता, मग नक्कीच कळलं असतं. रंगाऱ्याच्या धंद्यात पहिला हात तळव्याचा, मग ब्रशचा. पण इतकी वर्षं साडूच्या गिलाव्याची चेष्टा करून करून त्याला ती खरीच वाटायला लागली होती. ज्याचं काम वाईट आहे हे ठरलेलंच आहे, त्याच्या भिंतीला हात कशाला लावायचा? त्याने डबा उघडला आणि पुट्टी ओढली. एक हात, दोन हात. वर फिकट पिवळा रंग. भिंत छान दिसली, हे खरं आहे.

सासूबाईंनी नवी खोली दाखवायला सगळ्यांना जेवायला बोलावलं. तीच माणसं. ओळंबा न चुकता आला, दाढी करून आला. बायकोला शंका आली. "आज एवढं काय?"

"आईंकडे जेवायला जातोय. अवतारात जाऊ?"

मावशी खुर्ची भिंतीला टेकवून बसली होती. जेवून हुश्श म्हणत ती पाठ सरकवत उठली, आणि तिच्या पाठीबरोबर भिंतीचा चादरीएवढा पापुद्रा खाली आला. कोणी किंचाळलं. रंगारी धावला, सुटलेली कड बोटाने दाबायला गेला, तर बोटाखालून तो वरच्या अंगाला आणखी सुटला. मागे तांबडी, चकचकीत भिंत. त्यात मावशी दिसत होती, रंगारीही दिसत होता, तोंड उघडं टाकलेला.

"काय हो भाऊजी," मेहुणी ओळंब्याकडे वळली, "हे तुम्हाला माहीत होतं?"

"मी रंग नको म्हटलं होतं. आईंना विचार."

"पण का नको ते सांगितलं नाहीत!" रंगारी ओरडला.

"शब्द म्हणजे काय घमेलं आहे, उचलून तुझ्या डोक्यावर ठेवायला?"

कोणी हसलं नाही. ओळंब्याला हसू नकोच होतं, त्यांनी नुसतं बघायला हवं होतं, आणि ते बघत होते. सासूबाई उठल्या, भिंतीपाशी गेल्या आणि तळवा टेकवून उभ्या राहिल्या. दोन्ही जावयांनी काय केलं ते त्यांना तेवढ्यात समजलं असावं.

"धाकटे, सगळं खरवडून काढा. मला ही भिंत हवी. आणि थोरले, तुम्ही उद्या येऊन समोर बसा. इतकं ठाऊक होतं ना तुम्हाला? मग कसं काढायचं तेही सांगा."

त्यांना वाटलं असेल, दिवसभर एका खोलीत बसले की बोलते होतील. बोलले, पण सासूबाईंना हवं होतं तसं नाही.

सकाळी रंगारी खरवडायला लागला. ओळंबा खुर्ची घेऊन बसला. सुटलेला भाग पटकन निघाला. जिथे पुट्टी थोडीफार धरली होती तिथे पातं तिरकं धरून नखाएवढं नखाएवढं काढावं लागत होतं. पातं कर्रकन वाजलं.

"हळू. खाली माझं काम आहे."

रंगाऱ्याने दात आवळले आणि पातं अजून तिरकं केलं. तासाभराने त्याने पातं पुढे धरलं. "साडूभाऊ, मनगट गेलं माझं. जरा हात लावा."

"मी रंग दिला नाही."

"त्या दिवशी चुकलं माझं. झालं?"

"इथे फक्त मी आहे. तू बोललास तेव्हा घर भरलेलं होतं."

रंगारी पुन्हा भिंतीकडे वळला. दुपारी ओळंब्याची बायको चहा घेऊन आली. तिने घामाने निथळणाऱ्या बहिणीच्या नवऱ्याकडे पाहिलं, खुर्चीत बसलेल्या आपल्या नवऱ्याकडे पाहिलं आणि कप आपटूनच ठेवला.

"झालं तुमचं समाधान?"

ओळंब्याने चहा ओढला आणि वर पाहिलं.

"वरचा कोपरा राहिलाय अजून."