खळग्याच्या काठावर नलूताई

दुपारचं जेवण अंगावर आलंय. समोर वर्तमानपत्रावर जुईचं मॉडेल वाळतंय: नदीच्या पाण्याबरोबर गोल फिरणाऱ्या गोट्यांनी खडकात कोरलेले रांजणखळगे. उद्या विज्ञानाच्या तासाला दाखवायचेत, आणि मातीला तडे चाललेत. जुई क्लासला गेली आहे. तडे बुजवता बुजवता मी तिथेच लवंडते. हात मातीचेच. डोळे मिटतात न मिटतात, तोच फरशी ओली लागते.

पंख्याचा आवाज पाण्याचा होतो. स्वयंपाकघराच्या दारापासून खडक सुरू झालाय, आणि एका खळग्याच्या काठावर, पाय आत सोडून, नलूताई बसली आहे. माझी मोठी बहीण, जुईची आई. दोन वर्षांपूर्वी तापाने गेली. तब्येत सुधारलेली दिसते.

"ठमे, नुसती काळी माती?"

सूचना द्यायची सवय काही गेलेली नाही.

"बाईंनी सांगितलंय, नैसर्गिक साहित्य वापरा म्हणून."

"मग भुसा काय कारखान्यात होतो? भिंत लिंपताना आपण काय घालायचो?"

"घालायचीस तू. तुडवायला मी."

ती हसते. ताईचं हे खास. जड काम दुसऱ्याला द्यायचं, आणि मान दिल्यासारखं द्यायचं. जातानाही तेच. दवाखान्यात जुईचा हात माझ्या हातात दिला आणि भिंतीकडे तोंड करून झोपली.

मी तिच्याशेजारी टेकते, तर खडक एसटीचं बाक झालाय. मधल्या वाटेतून नदी वाहतेय. कंडक्टर पँट गुडघ्यापर्यंत दुमडून तिकिटं फाडतोय. कुणालाच त्याचं नवल नाही.

"ताई, परवा जुईने मला आई म्हणून हाक मारली."

ती खिडकीबाहेर बघते. "चुकून?"

"पहिल्यांदा चुकून. नंतर नाही."

"आणि तू?"

"मी ओ दिली." मी नखांतली माती कोरते. "तुझी जागा..."

"माझी जागा, माझी जागा! मी काय रुमाल टाकून गेलेय?" ती इतक्या जोरात हसते की कंडक्टर वळून बघतो. "ओ दिली नसतीस तर पोरीने कुणाच्या तोंडाकडे बघायचं? दोन वर्षं अशी अर्ध्या बाकावर बसली आहेस होय? सरक आत. नीट बस."

मी सरकते. पाठ टेकते. इतके दिवस पाठ टेकलीच नव्हती, हे आत्ता कळतं.

ताई पदराची गाठ सोडते, चिमूटभर भुसा काढते, माझ्या मातकट तळव्यावर ठेवते आणि बोटं मिटवते. तिचा हात गरम आहे.

"एकटी मळू नकोस. तिलाही घे."

"तू कुठे उतरणार?"

"माझा स्टॉप मागेच गेला, वेडे."

"अगं, ऊठ ना! सगळी माती सुकली!"

जुई दप्तर घेऊनच डोक्याशी उभी आहे. पंखा पुन्हा पंख्यासारखा वाजतोय. माझी एक मूठ अजून घट्ट आहे. मी ती उघडते. तळव्यावर भुसा. तिसऱ्या मजल्यावर राहतो आम्ही. आसपास शेळीसुद्धा नाही.

"हा कुठून आणलास?"

"तुझ्या आईने दिला."

ती भुशाकडे बघते, मग माझ्याकडे, चांगलं निरखून. मग दप्तर टाकते, बाह्या वर करते आणि समोर मांडी घालून बसते.

"मग बघत काय बसलीस? जा, पाणी आण. मी सांगते कसं मळायचं ते."

मी मुकाट्याने पाणी आणायला उठते.