सुटली नाही, सोडली

बाबासो सपकाळने अडतीस वर्षं तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटात गोण्या वाहिल्या. त्या अडतीस वर्षांत बायकोने त्याला एकदाच शहाणा म्हटलं, तेही झोपेत. हे तो स्वतःच सांगायचा. माणूस तसा बोलका, पण कामाचं विचारलं की एकच गोष्ट सांगणार, फळीची.

ट्रकपासून गाळ्याच्या ओट्यापर्यंत एक लाकडी फळी टाकतात. रुंदी म्हणाल तर जेमतेम दीड वीत. पाठीवर पन्नास किलोची गोणी घेऊन तिच्यावरून चालायचं. फळी दबते, उसळते, तिच्या तालात पाय टाकावा लागतो. आणि तिचा एक कायदा आहे. फळी सरकली, पाय घसरला, की मागचा गडी ओरडतो, 'सोड!' ऐकलं की हात मोकळे. गोणी जाऊ दे खड्ड्यात, व्यापारी बसू दे बोंबलत, आपण आपला जीव वाचवायचा. विचार करत बसायचं नाही. बाबासोच्याच गावच्या हौसेरावाने एकदा विचार केला. मालकाचा माल म्हणून गोणी धरून ठेवली, गोणीसकट खाली आला, आणि आज बारा वर्षं गावी, जावळीत, खाटेवर पडून आहे, कमरेखालचं अंग गेलेलं. त्यानंतर टोळीत नवा गडी आला की मुकादम त्याला आधी बाबासोच्या हवाली करायचा. बाबासो मागून 'सोड' म्हणणार आणि गड्याच्या हातात गोणी राहिलेली दिसली तर पाठीत धपाटा घालणार. शंभर वेळा, दोनशे वेळा. कानाने ऐकावं आणि हातांनी सोडावं, मधे डोकं येताच कामा नये, इतकं ते अंगात मुरवायचं. दुसऱ्यांच्या अंगात मुरवता मुरवता त्याच्या स्वतःच्या किती मुरलं असेल, ते तुम्हीच बघा.

गेल्या वर्षी तो निवृत्त झाला आणि कोपरखैरण्याच्या माथाडी वसाहतीतलं घर त्याला खायला उठलं. सकाळी चारला जाग यायची आणि करायला काही नसायचं. मुलगा रणजीत शिकून नोकरीला लागला होता, बायको प्रियदर्शिनी आणि पाच वर्षांची मुक्ता यांना घेऊन खारघरला राहत होता. मुक्ता हे बाबासोच्या आईचं, मुक्ताबाईचं नाव. सुनेने ते ठेवलं तेव्हा बाबासो गच्चीवर जाऊन रडला होता. रणजीत लहान असताना त्याला त्याने कधी धड मांडीवर घेतलं नव्हतं. अंधारात जायचं, घामेजून यायचं, जेवून पडायचं. पोर कधी मोठं झालं कळलंच नाही. आता नातीच्या बाबतीत ते सगळं भरून काढावं, एवढी एकच आस त्याला उरली होती.

आणि संधी समोर आली होती. एक तारखेपासून प्रियदर्शिनी सीबीडी बेलापूरच्या एका ऑफिसात पुन्हा कामावर जाणार होती. मुक्ताने दिवसभर राहायचं कुठे? सोसायटीच्या खाली एक पाळणाघर होतं, नाहीतर कोपरखैरण्याला आबा-आजी होते. बाबासोच्या बायकोने, शालनने, विचारलं तर सून म्हणाली, "बघू." सुनेच्या तोंडचं 'बघू' म्हणजे काय हे सासवांना सांगावं लागत नाही. पोरगी वाईट नव्हती हो. पण मुक्ता तिची एकुलती एक लेक, आणि सासऱ्याला तिने कधी मूल सांभाळताना पाहिलेलंच नव्हतं.

म्हणून रणजीतने ही सहल काढली. डोंगराच्या पायथ्याला एक पार्क आहे, दोन टेकड्यांच्या मधल्या घळीवर झुलता पूल, खाली ओढा, रविवारी ही गर्दी. आदल्या दिवशी शालनने नवऱ्याला बजावलं, "तंबाखू घरी ठेवा. शिव्या देऊ नका. प्रिया बघणार हाय सगळं. पोरीला जरा रुळू द्या तुमच्यासंगं."

"मी काय परीक्षेला बसलोय व्हय?" बाबासो म्हणाला.

"बसलायसा," शालन म्हणाली. "आन् नापास झालासा तर पोर पाळणाघरात जाईल, ध्यानात ठेवा."

बाबासोने तंबाखूची पुडी कपाटात ठेवून दिली.

दिवस चांगला निघाला. डिसेंबरातलं कोवळं ऊन होतं. शालनने धपाटी आणली होती, दही आणलं होतं. पहिला अर्धा तास मुक्ता आईच्या ओढणीमागून आबाला न्याहाळत बसली. मग बाबासोने बटाटेवाल्याची हाळी कशी असते ते करून दाखवलं, आणि पोरगी खुदकन हसली. तिने ती हाळी दहा वेळा करायला लावली. शेजारच्या चटईवरचे लोक बघायला लागले, पण बाबासोला कुणाची फिकीर? धपाटं तिने त्याच्या हातून खाल्लं, आईने भरवलेलं नको म्हणाली. प्रियदर्शिनी हळूच सासूला म्हणाली, "आई, रमली हो ही. तिकडे पाळणाघर बघायला गेलो तर रडून गोंधळ घातला होता." शालनने पदराआडून नवऱ्याकडे बघितलं आणि मान हलवली. बाबासोला कळलं. छाती फुटते की काय इतका आनंद झाला त्याला.

तिथेच उठून घरी यायला हवं होतं. पण पुलावर गेल्याशिवाय त्या पार्कातून कोण परत येतं?

शालनला गरगरतं, ती काठावरच थांबली. पुलाच्या तोंडाशी मुक्ताही अडली. फळ्यांच्या फटींतून तिला खालचे दगड दिसले होते. "मला नाही जायचं," म्हणाली, आणि ओठ काढला. रणजीत म्हणाला, राहू दे. बाबासो मात्र गुडघे दुमडून तिच्यापुढे बसला.

"ये, पाठुंगळी बस. आबाच्या पाठीवरनं आजवर एक बटाटा सांडला न्हाय."

मुक्ताने आईकडे बघितलं. प्रियदर्शिनी क्षणभर घुटमळली. "आबा, नीट धराल ना?"

"अगं, फळीच हाय ही. तिच्यावर तर जन्म गेला माझा."

पोरगी पाठीवर बसली. बाबासोने मागे हात नेऊन तिचे पाय धरले आणि उठला. किती हलकी! पहिल्या पाच-सहा पावलांतच त्याच्या पायांना पुलाचा ताल सापडला. दबते, उसळते, टाक पाऊल. वर्षभर ती पावलं घरातल्या फरशीवर वाया जात होती. मुक्ताने हनुवटी त्याच्या खांद्यावर टेकली होती, तिचा श्वास कानाला लागत होता. "आबा, तुम्हाला भीती नाही वाटत?" तिने विचारलं. तो म्हणाला, "तू असताना कसली?" एवढं सुख त्याने उभ्या आयुष्यात पाठीवर वाहिलं नव्हतं. प्रियदर्शिनी पुढे उलटी चालत मोबाइलवर दोघांचा व्हिडिओ काढत होती आणि हसत होती. रणजीत मागे होता.

मध्यावर कॉलेजची चार-पाच पोरं उभी होती. त्यांना मस्ती सुचली. दोन्ही बाजूंचे दोर धरून ती पूल हलवायला लागली. बायका किंचाळल्या. पुलाच्या तोंडाशी वॉचमन होता, त्याने शिट्टी फुंकली आणि त्या पोरांना उद्देशून बेंबीच्या देठापासून ओरडला, "ए, सोड! सोड!"

पूल डाव्या अंगाला कलला होता. बाबासोचा पाय फळीवरून घसरत होता. आणि मागून आवाज आला, सोड.

हात सुटले नाहीत. हातांनी सोडलं. जित्याची खोड म्हणतात ती हीच, फक्त ही काही हौसेने लागलेली नव्हती. पाठीवरचं ओझं गेलं, तोल सावरला, दोन्ही हातांनी बाजूचा दोर पकडला गेला, आणि बाबासोला बरं वाटलं. वाचलो, असं वाटलं. डोळ्याचं पातं लवेपर्यंतच, पण वाटलं. मग मुक्ताची किंकाळी ऐकू आली.

ती फळ्यांवर उताणी पडली होती, उजवा हात अंगाखाली. एक पाय बाजूच्या जाळीतून बाहेर गेला होता. रणजीतने झेप घेऊन तिचा फ्रॉक धरला नसता तर पुढचं बोलवत नाही.

दवाखान्यात कोपराचं हाड मोडल्याचं कळलं. तारा घालाव्या लागल्या. डॉक्टर म्हणाले, हात पूर्ण सरळ होईलच असं सांगता येत नाही, वाढतं वय आहे, बघू. व्हरांड्यात रणजीत त्या कॉलेजच्या पोरांच्या सात पिढ्या उद्धरत होता. जो तो एकच म्हणत होता, पूल हलला आणि पोर सुटली. नातेवाइकांच्या फोनवर हेच सांगणं चाललं होतं. सुटली, सुटली. बाबासो भिंतीला टेकून आपले तळहात बघत बसला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी मुक्ताला नीट जाग आली. सगळे खाटेभोवती होते. ती आईला म्हणाली, "आबांनी सोडलं मला."

"सुटलीस गं तू, बाळा. पूल हलला ना?"

"नाही. सोडलं. आधी घट्ट धरलं होतं, मग सोडलं."

"मुक्ता, मोठ्या माणसांना असं म्हणतात का?" प्रियदर्शिनीला सासऱ्याच्या तोंडाकडे बघवेना. "आबांना किती वाईट वाटेल. सॉरी म्हण."

मुक्ताने बाबासोकडे बघितलं. मग म्हणाली, "सॉरी, आबा."

बाबासोने खाटेची दांडी धरली. "पोरगी खरं बोलतीया," तो म्हणाला. "सुटली न्हाय. मी सोडली. त्यो वॉचमन सोड म्हनला आन् मी सोडली."

रणजीतने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "आबा, पुरे आता. किती मनाला लावून घ्याल?" रणजीतला काय कळणार? पोरगा मार्केटची पायरी चढू नये म्हणून तर बाबासोने हाडांची काडं केली होती. फळीचं बोलणं त्याच्या कानावर शंभरदा पडलं असेल, पण त्याने ते बापाची बडबड म्हणून सोडून दिलेलं. प्रियदर्शिनी रडायला लागली. "दुसरं कुणी असतं तर त्या पोरांवर ढकलून मोकळं झालं असतं," ती म्हणाली. "तुम्ही सगळं स्वतःवर घेताय. मी उगाच शंका घेत होते, आबा. प्लास्टर असलं तरी एक तारखेपासून तिला तुमच्याकडेच ठेवणार. पाळणाघरात नाही."

"अगं, ऐक तरी. मी—"

शालनने त्याच्या दंडाला असा चिमटा काढला की शब्द घशातच राहिला. तिने बघितलं होतं त्याच्याकडे. फळीची गोष्ट तिने अडतीस वर्षं ऐकलेली. तिला एका वाक्यात सगळं कळलं होतं.

घरी आल्यावर तिने दार लावलं आणि म्हणाली, "एकदा सांगितलंसा. त्यांनी मानलं न्हाय. आता पुन्हा तोंड उघडायचं न्हाय."

"पोर खोटी पडली, शालन."

"पोरं इसरत्यात."

"आन् मी?"

शालन चहाचं आधण ठेवायला गेली.

एक तारखेला सकाळी साडेआठला रिक्षा वसाहतीत आली. प्रियदर्शिनी घाईत होती. तिने डबा आणि औषधांची पिशवी बाबासोच्या हातात दिली, लेकीचा पापा घेतला. "आबा, जिना चढताना हिला उचलून घ्या हं, हात हलायला नको," म्हणाली आणि त्याच रिक्षाने बेलापूरला गेली.

जिन्यापाशी दोघंच राहिली. बाबासोने पिशवी खांद्याला अडकवली आणि सवयीने हात पुढे केले. मुक्ता दोन पावलं मागे सरली. प्लास्टरमधला हात तिने पोटाशी धरला होता.

"मी चालते," ती म्हणाली.

"बरं. चल, मी हाय मागं."

ती हलली नाही. खाली बघत, कुणी रागावेल अशा भीतीने बोलली, "मागे नको, आबा. तुम्ही पुढे जा ना."

बाबासो बरं म्हणाला आणि पुढे झाला.