नाडी बघून खोली

माझ्या आईच्या मामांनी आख्ख्या उज्जैनमध्ये जितक्या लोकांची नाडी पाहिली असेल तितकी कुठल्या वैद्यानेही पाहिली नसेल, आणि गंमत म्हणजे मामांना वैद्यकीतलं ओ की ठो कळत नव्हतं. मामा (आम्ही पोरंही त्यांना मामाच म्हणायचो) खोली भाड्याने द्यायचे. एकच खोली, रामघाटाच्या वरच्या गल्लीत, पण सामानासकट: खाट, गादी, रजई, स्टोव्ह, चार भांडी आणि एक आरसा, ज्यात कुणाचाही चेहरा दुधीसारखा लांबट दिसायचा. नवा मध्य प्रदेश झाला, ऑफिसं इकडची तिकडे हलायला लागली, तेव्हा बदलीवरचे बाबू बायकामुलं येईपर्यंत तिथेच उतरायचे. एरवी घाटावर क्रियाकर्माला आलेले लोक. कुणी दारात येऊन "मामाजी, कमरा खाली है क्या?" म्हणालं की मामा आधी त्याचं मनगट धरणार, डोळे मिटणार, आणि आम्ही सगळे श्वास रोखून उभे. खोकला असेल तर खोली नाही. पाय सुजलेले असतील तर नाहीच नाही. एका धडधाकट पहिलवानाला नुसती शिंक आली म्हणून मामांनी त्याला परत पाठवला होता.

कारण असं, की पूर्वी त्या खोलीत एक म्हातारे यात्रेकरू वारले, गल्लीभर बोभाटा झाला आणि पुढे कित्येक महिने तिकडे कुणी फिरकलं नाही. मामांचं पोट त्या खोलीवरच. तेव्हापासून त्यांचा सिद्धांत ठरलेला. "सुतकातला भाडेकरू खुशाल घ्यावा. रडतो, जेवतो, तेरावं उरकून जातो. मरायला आलेला मात्र नको." हे ते हातात भाताचा घास घेऊन सांगायचे. आई म्हणायची, "मामा, निदान ताटावर तरी नको हो."

एका थंडीत ग्वाल्हेरहून बदली झालेला एक मराठी कारकून टांग्यातून आला, सोबत त्याची म्हातारी आई. मामांनी तिचं मनगट धरलं ते बराच वेळ सोडेचनात. म्हातारी म्हणाली, "सोड की रे आता. या वयात लग्न ठरवतोस काय माझं?" मी फिस्सकन हसले. मामा हसले नाहीत.

"खोली खाली नाही," ते म्हणाले.

त्यांच्या पाठीमागे दार सताड उघडं, झाडलेली गादी सरळ दिसत होती. कारकुनालाही दिसली. "दोनच दिवस, मामा. तिला क्षिप्रेचं स्नान हवंय, बाकी काही नको."

"म्हटलं ना, नाही. स्टेशनाकडे धर्मशाळा आहेत, तिकडे बघा."

"चल रे," म्हातारीच मुलाला म्हणाली, "यांच्याकडे पाहुणे यायचे असतील."

धर्मशाळाही भरलेल्या होत्या. तशाच एका धर्मशाळेच्या ओसरीत, थंडीत कुडकुडत, पहाटे ती वारली. स्नान राहिलंच. हे आम्हाला कळलं, कारण दुसऱ्या दिवशी तो परत आला. मुंडण केलेलं, खांद्यावर पंचा. "आता एकटाच आहे, मामा," तो म्हणाला. "दिवस होईपर्यंत मिळेल का खोली?"

मामांच्या सिद्धांताप्रमाणे याच्याइतका उत्तम भाडेकरू शोधून सापडला नसता. मी त्यांच्याकडे बघितलंच नाही, बघवेना. ते बाजूला सरकले. त्याला आत घेतलं, स्टोव्ह स्वतः पेटवून दिला. मग रोज पिठलं-भात करायचे, दाराशी ठेवायचे आणि मागे फिरायचे. एकदा मी चहा घेऊन गेले तर तो म्हणाला, "छान उबदार आहे हो खोली. आईला आवडली असती." तो टोमणा मारत नव्हता, तेच सगळ्यात वाईट. मामा बाहेर ओट्यावर बसले होते. त्यांना ऐकू गेलं.

तेरावं झालं आणि त्याने दुसरीकडे बिऱ्हाड केलं. जाताना, वडीलधाऱ्यांना करतात तसा, मामांना वाकून नमस्कार केला. मामांनी आशीर्वादाला हात उचलला. टांगा वळून दिसेनासा झाला तरी हात तसाच वर.

"मामा, चला आत," मी म्हटलं.

"तू हो पुढे," ते म्हणाले. "मी बसतो जरा." आणि ओट्यावर बसून राहिले, गल्लीकडे बघत, कुणाला तरी यायला उशीर झाल्यासारखे.